हिरव्या डहाळ्यांचे चक्र

पुष्पचक्र हा शब्द कानी पडला की आपल्या मनापुढे काय उभे राहते? एखादे हुतात्मा स्मारक, तिरंग्यात लपेटलेली शवपेटी, आणि मान खाली घालून सावकाश पुढे होणारा मंत्री किंवा फौजी अधिकारी. फुलांचा हार गळ्यात पडतो तो आनंदाचा, आणि फुलांचे चक्र जमिनीवर टेकवतात ते दुःखाचे, अशी आपल्याकडे वाटणीच होऊन गेली आहे. त्यामुळे डिसेंबरात प्रथमच युरोपात जाणारा मराठी माणूस तिथल्या घराघरांच्या दारांवर हिरवीगार चक्रे टांगलेली पाहून क्षणभर चपापतो. या गल्लीत एवढ्या घरी एकदम झाले तरी काय, असे त्याच्या मनात येते. मग कोणीतरी सांगते की अहो, हे नाताळाचे आहे. आपण दसऱ्याला तोरण बांधतो ना दाराला, तसेच समजा.

पण तोरणाशी त्याची सांगड पुरती जमत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दारावर चक्र टांगण्याची रीत मुख्यत्वे इंग्लंड-अमेरिकेकडची. जर्मनीत त्याचे आणखी एक रूप आहे. तिथे हे चक्र टेबलावर आडवे ठेवतात, आणि त्यावर चार मेणबत्त्या उभ्या करतात. नाताळापूर्वीचे जे चार रविवार, त्या काळाला तिकडे आडव्हेंट म्हणतात. आपल्याकडचे मराठी कॅथलिक लोक त्याला आगमनकाळ असा सुरेख शब्द वापरतात. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, तिसऱ्या रविवारी तीन, आणि चौथ्या रविवारी चारही. आज मी बोलणार आहे ते या चक्राबद्दल, आणि त्यातही मित्रमंडळी एकत्र बसून ते घरी कसे करतात याबद्दल.

ही चाल फार जुनी, रानटी काळापासूनची असावी असे पुष्कळांना वाटते. हिवाळ्यात हिरव्या फांद्या घरात आणण्याची हौस जुनी आहे खरी. पण मेणबत्त्यांच्या या चक्राचा जन्म बराच अलीकडचा आहे, आणि त्याचे गाव व साल आपल्याला ठाऊक आहे. गाव हॅम्बुर्ग, साल १८३९. तिथे योहान हिन्रिख विखर्न नावाचे एक धर्मशास्त्री होते. त्यांचा जन्म १८०८ सालचा. वडील लवकर गेले, त्यामुळे पंधरा वर्षांचा हा मुलगा शिकवण्या करून घर चालवण्यास हातभार लावू लागला. पुढे शिक्षण संपवून आल्यावर हॅम्बुर्गच्या गरीब वस्त्यांतून हिंडताना त्यांनी मुलांची दैना पाहिली. भीक मागणारी, चोरी करणारी, ज्यांना कोणी वाली नाही अशी ती मुले होती. १८३३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, शहराबाहेर हॉर्न या भागात मिळालेल्या एका जुन्या घरात त्यांनी अशा मुलांसाठी आश्रम काढला. राउहेस हाउस हे त्याचे नाव. ती संस्था आजही चालू आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी लक्षात घ्यावे असे त्यात पुष्कळ होते. तो तुरुंग नव्हता. भिंती नाहीत, अडसर नाहीत. दहा-बारा मुलांचे एकेक कुटुंब करायचे, त्यांच्याबरोबर एक मोठा माणूस राहायचा, आणि मुलांनी हाताने काम करायचे, असा तिथला शिरस्ता.

आता मुले ती मुलेच. डिसेंबर लागला की रोज विचारायची, नाताळ कधी? अजून किती दिवस? आपल्या घरी दिवाळीच्या आधी हाच प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो, हो की नाही? विखर्नसाहेबांनी याचे उत्तर तोंडाने न देता एक जुने गाडीचे चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर वारांच्या लहान तांबड्या. रोज प्रार्थनेच्या वेळी एकेक मेणबत्ती जास्त पेटवायची. ज्याला अंक येतात त्याने मोजावे, ज्याला येत नाहीत त्याने नुसते पाहावे. उजेड वाढतो आहे आणि दिवस उरत चालले आहेत, हे दोघांनाही सारखेच कळते. हॅम्बुर्गमध्ये त्या दिवसांत सूर्य सकाळी साडेआठला उगवतो आणि दुपारी चारला मावळतो. ज्या मुलाला कोणी कधी कसले वचन देऊन पाळले नव्हते, त्याला रोज संध्याकाळी ठरल्याप्रमाणे एक दिवा वाढताना दिसावा, याचे मोल आपण घरात बसून पुरते ओळखू शकणार नाही.

इथे गणिताच्या शिक्षकांसाठी एक गंमत सांगतो. त्या चाकावर मेणबत्त्या किती? दर वर्षी सारख्या नसतात. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कोणत्याही तारखेस येऊ शकतो, आणि मोजणी थांबते २४ डिसेंबरला. म्हणजे कमीत कमी बावीस दिवस आणि जास्तीत जास्त अठ्ठावीस. त्यांपैकी रविवार नेहमी चारच. १८३९ साली १ डिसेंबरलाच रविवार होता. तेव्हा दिवस झाले चोवीस, मोठ्या मेणबत्त्या चार आणि लहान वीस. वर्गात मुलांना दिनदर्शिका देऊन चालू वर्षाचा हिशेब काढायला सांगा. एक तास मजेत जाईल.

पुढे हे चाक आश्रमाबाहेर पडले. साधारण १८६० पासून त्याला हिरव्या डहाळ्या गुंडाळू लागले. घराघरांत एवढे मोठे चाक कुठे ठेवणार? तेव्हा ते लहान झाले आणि मेणबत्त्या चारच उरल्या. ही मूळची प्रॉटेस्टंट लोकांची चाल. कॅथलिक चर्चमध्ये ती प्रथम आली १९२५ साली, कोलोन शहरात. आज ती जगभर पसरली आहे.

आता कृतीकडे वळू. कृतीच खरी बोलण्यासारखी आहे. पाया म्हणून गवताचे एक गच्च वळलेले कडे घेतात. आपल्या बायाबापड्या डोक्यावर हंडा ठेवण्यासाठी चुंबळ करतात ना, तीच आकाराने मोठी आणि कडक केलेली समजा. साधारण तीस सेंटिमीटर रुंदीची चुंबळ टेबलाच्या चक्राला पुरते. मग हिरव्या डहाळ्या. या फर किंवा स्प्रूस अशा सूचिपर्णी झाडांच्या, म्हणजे ज्यांची पाने सुईसारखी असतात अशा. स्प्रूस स्वस्त, पण हाताला टोचतो आणि उबदार खोलीत आठवडाभरात सुया गाळू लागतो. नॉर्डमान नावाचा फर महाग, पण मऊ, आणि कित्येक आठवडे हिरवा राहतो. जंगलात जाऊन मनाला येईल तेवढे तोडावे अशी सोय तिकडे नाही. लोक बाजारातून जुड्या आणतात, नाहीतर कोणाच्या परसात झाड असेल तर त्याची छाटणी या दिवसांसाठी राखून ठेवतात. आपल्याला वाटतात त्याच्या दुप्पट डहाळ्या लागतात, हा सर्वांचा अनुभव.

डहाळ्या अर्धी-पाऊण वीत लांबीच्या कापायच्या. तीन-चार एकत्र धरून एक जुडगा करायचा, तो चुंबळीवर ठेवायचा आणि बारीक तारेचे दोन-तीन वेढे देऊन आवळायचा. तार मात्र तोडायची नाही. ती एका लाकडी काठीवर गुंडाळलेली असते, आणि पहिल्या जुडग्यापासून शेवटच्या जुडग्यापर्यंत एकच तार चालते. दुसरा जुडगा असा ठेवायचा की त्याच्या शेंड्यांनी पहिल्याचे देठ आणि तार झाकली जावी. ज्यांनी गवती छप्पर शाकारले आहे त्यांना अधिक सांगायला नको. खालच्या थराची बांधणी वरच्या थराखाली लपते, तोच न्याय. फरक एवढाच की छपराला कडा असते आणि चक्राला ती नसते. म्हणून शेवटचा जुडगा बसवताना पहिल्या जुडग्याचे शेंडे हलक्या हाताने उचलावे लागतात आणि त्याखाली देठ सारावे लागतात. सगळे कसब या एका जागी आहे. नवख्याचे चक्र पाहिले की त्याने सुरुवात कुठे केली ते लगेच सांगता येते. जाणत्याचे तसे सांगता येत नाही.

आणखी एक खुबी आहे. आतल्या बाजूला डहाळ्या आखूड आणि थोड्या लावतात, बाहेरच्या बाजूला लांब आणि दाट. कारण उघड आहे. कडे तीस सेंटिमीटर रुंद असेल तर त्याचा बाहेरचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो, आणि जाडी पाच सेंटिमीटर धरली तर आतला घेर जेमतेम ६३. दोन्हीकडे सारखेच लावले तर मधली पोकळी बुजून जाते, आणि चक्राची पुरणपोळी होते!

हे काम करताना हातांना झाडाचा चीक लागतो. तो पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही. तेल चोळावे लागते, आणि मग साबण. फणस कापताना आपल्याकडे हाताला आधी खोबरेल लावतात ते याच कारणाने. तिथल्या मंडळींना मी फणसाचे सांगितले तेव्हा त्यांना मोठी मौज वाटली.

तिथल्या मंडळींना म्हणजे कोणाला, ते आता सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी हॅम्बुर्गला नोकरी करतो. एका हिवाळ्यात मी त्याच्याकडे दोन महिने राहिलो होतो. त्याच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंकडे दर वर्षी सात-आठ जण चक्रे करायला जमत असत, आणि विद्यार्थ्याची पत्नीही त्यांत होती. जमण्याचा दिवस ठरलेला, नोव्हेंबरातल्या मृतांच्या रविवारच्या आदला शनिवार. आगमनकाळाच्या आधीचा जो रविवार, तो प्रॉटेस्टंट जर्मनीत मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याने १८१६ साली तो लावून दिला. त्या दिवशी लोक कबरींवर हिरव्या फांद्या पसरतात, चक्रे ठेवतात. आणि जुन्या वळणाची माणसे तो दिवस उलटल्याशिवाय नाताळची आरास मांडत नाहीत. दुकानदार एवढे थांबत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

म्हणजे पाहा, आमच्या त्या शनिवारी एकाच टेबलावर, त्याच डहाळ्यांची, दोन तऱ्हेची चक्रे व्हायची. एक उद्या कबरीवर न्यायचे, बिनमेणबत्तीचे. दुसरे आठ दिवस गच्चीत गारव्याला ठेवून पुढल्या रविवारी घरात मांडायचे. आपण दुःखाचे आणि आनंदाचे जे वाटे केले आहेत म्हणून मी सुरुवातीला म्हटले, ते तिथे एकाच चुंबळीवर बसलेले मी पाहिले.

त्या बाईंचे यजमान त्या वर्षी वसंतात वारले होते. बाईंनी मंडळींना कळवून टाकले, यंदा माझ्याकडे काही नाही. कोणी वाद घातला नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या दाराशी कोणीतरी फरच्या फांद्यांची एक मोळी ठेवून गेले, आणि शनिवारी दुपारी दोन वाजता नेहमीप्रमाणे सगळे हजर. माझी विद्यार्थीण-सून मला म्हणाली, "सर, तुम्ही आपले डहाळ्या कापा, कोणाशी काही बोलू नका." मी कात्री घेतली आणि कोपऱ्यात बसलो. बोलणार तरी कोणत्या भाषेत!

आपल्याकडे ज्या घरी वर्षात माणूस गेले, त्या घरी दिवाळीला कढई चढत नाही. शेजारपाजारचे लोक फराळाचे डबे नेऊन देतात. उगाच भेट देण्याचा गाजावाजा नाही, की सांत्वनाचे भाषण नाही. डबा ठेवायचा, घोटभर चहा घ्यायचा आणि उठायचे. मला ते आठवत होते.

बाईंनी पहिले चक्र यजमानांच्या कबरीसाठी स्वतः करायला घेतले. डहाळ्या निवडण्यात, कापण्यात त्यांचा हात सराईत होता. तार आवळायचे काम मात्र इतकी वर्षे यजमान करीत. त्यामुळे अर्धे चक्र झाले आणि सगळे जुडगे सैल पडून फिरू लागले. बाईंनी ते शांतपणे उलगडले, तार पुन्हा काठीला गुंडाळली आणि नव्याने सुरुवात केली. समोरच्या गृहस्थांनी हात पुढे करून चुंबळ नुसती धरून ठेवली. टेबलावर बोलणे चालू होते ते मुलांच्या शाळेचे, बसच्या भाड्याचे, कोणाच्या गुडघेदुखीचे. तासाभराने ते चक्र पुरे झाले. जिथे तोंड जुळते ती जागा थोडी उंचवटली होती, पण घट्ट होते. मेणबत्त्यांच्या चक्राला बाई बसल्या नाहीत. त्या कॉफी करायला आत गेल्या. ते इतरांनी केले आणि त्यांच्या गच्चीत नेऊन ठेवले. पुढल्या रविवारी अंधार पडल्यावर आमच्या खिडकीतून त्यांची खिडकी दिसत होती. पहिली मेणबत्ती लागलेली होती.

बाजारात असली चक्रे हवी तितकी तयार मिळतात, आणि घरच्यापेक्षा नेटकी असतात. तेव्हा जमून बसण्यात काटकसर आहे असे मी म्हणणार नाही. डहाळ्या, तार, मेणबत्त्या आणि कॉफी-केक धरून ते महागच पडते. पण तयार चक्र घ्यायला कोणी त्या बाईंच्या घरी दोन वाजता गेले नसते.

आता दोन धोक्यांच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक आगीची. हिरवी डहाळी सहजी पेटत नाही, पण घरात तीन आठवडे सुकलेली डहाळी कापरासारखी पेट घेते. तिच्यात तेल आणि राळ असते. म्हणून मेणबत्त्यांखाली पत्र्याच्या वाट्या बसवतात, आणि पेटलेले चक्र सोडून कोणी खोलीबाहेर जात नाही. आणि पहिली मेणबत्ती चारही आठवडे जळते, ती नाताळापर्यंत बुटकी होऊन जवळजवळ डहाळ्यांना टेकते. दिसायला चार मेणबत्त्यांचा तो जिना मोठा गोड दिसतो, पण लक्ष ठेवायचे ते त्या सर्वांत बुटक्या मेणबत्तीवर. दुसरी गोष्ट विषाची. शोभेसाठी कोणी यू नावाच्या झाडाच्या फांद्या घालतात. त्याची पाने आणि बी जहरी आहे, आणि गुराढोरांच्या पोटात गेले तर ती दगावतात. तांबड्या फळांचे होली झाडही मुलांच्या हाती लागू देत नाहीत.

आपल्या मुलखात हे चक्र परके नाही, बरं का. वसईकडे घरात कादोडी किंवा वाडवळी बोलणारी कॅथलिक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नाताळ करीत आली आहेत. नाताळ हा आपला शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आलेला. तिथल्या देवळांत आगमनकाळात चार मेणबत्त्यांचे चक्र ठेवतात. कॅथलिक रिवाजाप्रमाणे तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची तेवढी गुलाबी. फर आपल्याकडे उगवत नाही. कोकणपट्टीत आणि गोव्यात नाताळच्या झाडासाठी सुरूची फांदी वापरण्याची रीत आहे. सुरू दिसतो सूचिपर्णीसारखा, पण तो त्या कुळातला नव्हे. ज्यांना आपण सुया म्हणतो त्या त्याच्या बारीक सांधेदार हिरव्या काड्या असतात, आणि खरी पाने त्या सांध्यांवर इवल्याशा खवल्यांसारखी असतात. वनस्पतिशास्त्राच्या तासाला एक काडी मोडून मुलांना जरूर दाखवावी.

समुद्रकाठच्या एखाद्या शाळेला करून पाहायचे असेल तर भाताचा पेंढा वळून चुंबळ करावी, सुतळीने घट्ट गुंडाळावी, आणि सुरूच्या डहाळ्या केळीच्या सोपटाच्या ओल्या दोराने बांधाव्यात. सोपट वाळले की आवळत जाते. घाटावर सुरू नसेल तिथे आंब्याची पाने चालतील, मात्र ती चार दिवसांत वळतात. कण्हेर घेऊ नका, तिचे सगळे अंग विषारी आहे. मेणबत्त्या मुलांच्या हाती देऊ नयेत. चार पणत्या चक्राच्या बाहेर, ताटात ठेवल्या तरी मोजणीचे काम होते.

एका चक्राला दोन मुले बसवावीत. एकाने धरायचे, एकाने आवळायचे, आणि अर्ध्यावर आले की जागा बदलायच्या. एकट्याने केले तर दोन्ही हात तारेत गुंतून पडतात आणि जुडगा निसटतो.

हॅम्बुर्गच्या मंडळींत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ६ तारखेच्या सणानंतर, चक्रे सोडतात. वाळलेल्या डहाळ्या खताच्या खड्ड्यात जातात. चुलीत घातल्या तर ठिणग्या फार उडतात. गवताचे कडे झटकून खुंटीला टांगायचे आणि तार उलटी फिरवत पुन्हा काठीवर गुंडाळून घ्यायची. गंजलेली नसेल तर ती पुढल्या वर्षी चालते.